वीट मऊ असेल, पण उशाला घ्यायची का?

खाडीकाठची (ऐरोली)

काल एका गृहस्थांनी ऐटीत लिहिलं होतं: "गाडी सीएनजी, घरी पाइप गॅस. पर्यावरणाचा माझा हप्ता भरून झाला. आता बाकीच्यांनी झाडं लावत बसावं." खाली सत्तावीस अंगठे. वर केलेले, दुर्दैवाने. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चार परिच्छेद झाले, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, तुमच्या गाडीच्या काचेवरचा होलोग्राम स्टिकर बघा. पेट्रोलला जो फिका निळा, तोच सीएनजीला. म्हणजे सरकारलासुद्धा तुमची गाडी हिरवी वाटत नाही.

गॅस जाळला की कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, हे मान्य. पण तो हिशेब शेगडीच्या बर्नरपासून सुरू होतो. त्याआधी विहीर, कॉम्प्रेसर, शेकडो किलोमीटर पाइप, हजारो जोड. नैसर्गिक वायू म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन, आणि न जळता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो. अमेरिकेत २०१८ साली मोजमाप करून काढलेला गळतीचा आकडा होता २.३ टक्के. तिथल्या सरकारी खात्याच्या अंदाजाच्या दीडपटीहून जास्त. विजेसाठी कोळशाऐवजी गॅस वापरायचा तर ही गळती ३ टक्क्यांच्या पुढे गेली की सुरुवातीची कित्येक वर्षं फायदा शून्य. आपल्याकडे किती गळतो, ते कोणी विचारतही नाही.

आणि हा गॅस आता बॉम्बे हायचा राहिलेला नाही. देशात लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूप करून, जहाजातून. ऑक्टोबर २०२४ पासून शहरांच्या वाट्याचा स्वस्त देशी गॅस कापलाय, म्हणजे तुमच्या चहाखाली आता थोडा कतारही जळतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या हॉवर्थ या शास्त्रज्ञाने २०२४ मध्ये मांडलंय की अमेरिकेतून जहाजाने जाणारा एलएनजी, म्हणजे हाच द्रवरूप गॅस, वीस वर्षांच्या हिशेबात कोळशापेक्षा ३३ टक्के जास्त घातक आहे.

दगडापेक्षा वीट मऊ, कबूल. म्हणून कोणी वीट उशाला घेऊन झोपत नाही. मी गेल्या वर्षी इंडक्शन घेतलं. संपलं.

उरणफिटर (निवृत्त)

ताई, ३१ वर्षं गॅसमध्ये काढली, म्हणून राहवत नाही.

"हजारो जोड" असं लिहिलंत जणू प्रत्येक जोडातून सूं सूं आवाज येतोय. जोड कसा तपासतात माहीत आहे? बादलीत साबणाचं पाणी, हातात रंगाचा ब्रश. फ्लँजच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांच्या, कडेने फेस लावायचा आणि बघत बसायचं. बारीक गळती असेल तर आधी मोहरीएवढा बुडबुडा येतो. मग हरभरा. लिंबाएवढा व्हायच्या आत स्पॅनर लागला पाहिजे. जुलैच्या पावसात, रात्रपाळीला, एका हाताने टॉर्च धरून हे केलंय. पावसाचं पाणीच फेस धुऊन नेतं, तेव्हा डोक्यावर प्लास्टिक धरायला दुसरा माणूस उभा करायचा.

मोठ्या लाइनमधल्या गॅसला वास नसतो. घरी जो वास येतो तो मर्कॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. त्यामुळे आम्ही नाकावर नाही, फेसावर विश्वास ठेवला. गॅस म्हणजे पैसा आहे. पैसा कोणी हवेत सोडतं का?

अमेरिकेचे आकडे अमेरिकेला. तिथे जमीन फोडून लाखो विहिरी पाडल्यात, आपल्याकडे बराचसा गॅस समुद्रातला. आणि तुमच्या लाडक्या शास्त्रज्ञांचा तो मिथेन शोधणारा उपग्रह, मिथेनसॅट, मार्च २०२४ मध्ये सोडला आणि जून २०२५ मध्ये हरवला. आधी तो शोधा.

मीटरडाऊन

मी रिक्षा चालवतो, विटावा ते ठाणे स्टेशन. मोठं मोठं वाचलं, आता माझं ऐका.

वडिलांची टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. संध्याकाळी घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. आई वेगळा धुवायची तो रुमाल. सीएनजी आल्यावर ते थांबलं. मला ८० पट माहीत नाही, रुमाल माहीत आहे.

पण साहेबांच्या हप्त्याला मी पण अंगठा दिला नाही. एप्रिल २०२२ ला किलोला साठ रुपये होते, ऑगस्टला ८६. युद्ध युक्रेनला, भुर्दंड विटाव्याला. भाडं काय रोज वाढतं का? आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मेन पाइपलाइनला मार बसला तेव्हा? पहाटे तीनला रांगेत लागलो, लाइन पंपापासून वळून पुढच्या सिग्नलपर्यंत. नंबर आला सव्वाआठला. प्रेशर नाही. दोन किलो पण बसला नाही. पोरगं सांगतं, पप्पा इलेक्ट्रिक घ्या. चाळीत चौथ्या गल्लीत घर आहे, चार्जिंगला वायर कुठून ओढू, शेजाऱ्याच्या मोरीतून?

वीजमीटर

धागाकर्तीने हिशेब अर्धाच केलाय. मी पूर्ण करतो.

एक घनमीटर गॅस जाळला की सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड. शेगडीची साधारण निम्मी उष्णता भांड्यात जाते, बाकी आजूबाजूला. तेवढीच उष्णता इंडक्शनने भांड्यात घालायला सहा-साडेसहा युनिट. देशाच्या ग्रिडचं एक युनिट म्हणजे सुमारे ०.७ किलो. करा गुणाकार: साडेचार किलो. तारांमधली तूट धरलेलीच नाही.

आता तुमची ३ टक्के गळती धरू. वीसेक ग्रॅम मिथेन, गुणिले ८०, म्हणजे १.६ किलो. तरी एकूण ३.६. म्हणजे ताई, तुमच्या इंडक्शनखाली चंद्रपूरचा कोळसा जळतोय आणि त्या गृहस्थांची शेगडी आजच्या तारखेला तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे. राखेचे ढीग ऐरोलीतून दिसत नाहीत एवढंच.

शिवाय वीस वर्षांचा आकडा निवडून घेतलात. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो ३० पटींच्या आत येतो.

खाडीकाठची (ऐरोली)

@वीजमीटर, माझ्या गृहकर्जाची मुदत वीस वर्षं आहे आणि घर भरतीच्या रेषेपासून चालत सात मिनिटांवर. शंभर वर्षांचा हिशेब मला काय करायचाय?

तुमचा गुणाकार बरोबर आहे. (घ्या, लिहिलं.) पण त्यात जहाज नाही. गॅस द्रवरूप करतानाच त्यातला बराच खर्ची पडतो, वाटेत उकळून वाफ होतो तो वेगळाच. आणि तुमचे ०.७ दर वर्षी खाली येणार आहेत, सौर वाढतंय तसे. पाइपमधल्या गॅसचे २ किलो माझी नात म्हातारी झाली तरी २ किलोच राहणार. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवलाय. याला म्हणे "ब्रिज फ्युएल", कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे नेणारा पूल. ठाण्याच्या कोपरीचा रखडलेला ब्रिज पाहिलेल्या माणसाला हा शब्द ऐकवू नये.

@उरणफिटर काका, फेसाचं वाचून खरंच आदर वाटला. पण पैसा कोणी हवेत सोडत नाही हे जरा जास्त झालं. बॉम्बे हायचा गॅस सुरुवातीला पाइपच नव्हता म्हणून समुद्रातच जाळून टाकत होते ना?

सुगरणबिगरण

बाकी चालू द्या. मला एकच सांगा ताई, इंडक्शनवर भाकरी फुगते?

खाडीकाठची (ऐरोली)

फुगते.

सुगरणबिगरण

ज्वारीची की तांदळाची? तव्यावरच की जाळावर?

खाडीकाठची (ऐरोली)

तव्यावरच. फडक्याने दाबून.

सुगरणबिगरण

मग ती पोळी झाली. भाकरीला पाणी लावून एक बाजू तव्यावर, उलटून दुसरी, मग थेट जाळावर उभी. चिमट्याने अर्धा फेरा फिरवायची आणि पापुद्रा सुटून टम्म. त्या जाळाची चव असते. फडक्याने दाबलेल्या भाकरीचा पापुद्रा चिवट होतो आणि मध्ये पीठ राहतं.

तळोजाकर

इथे भाकरी आणि ८० पट चाललंय म्हणून विचारतो. ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या तळोज्यात कारखान्यातल्या रंगाने कुत्री निळी झाली होती. निळी. फोटो जगभर फिरले. कासाडी नदीचं पाणी कधी कुठल्या रंगाचं दिसेल ते कोणत्या शिफ्टला काय सोडलं यावर. तेव्हा सगळे बोलायला आले, आता कोणी फिरकत नाही. न दिसणाऱ्या मिथेनवर एवढं पांडित्य आणि दिसणाऱ्या रंगावर मौन.

वीजमीटर

@तळोजाकर, तुमचं दुःख खरं आहे, पण धागा वेगळा काढा.

तळोजाकर

भाकरीला धागा वेगळा नाही लागत वाटतं.

गुहागर_ते_घणसोली

गॅस म्हटलं की कोकणी माणसाच्या पोटात दुखतं, कारण आम्ही "स्वच्छ इंधन" हा शब्द आधी ऐकलाय. १९९२ ला दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार. १९९५ ला सरकार बदललं, प्रकल्प समुद्रात बुडवणार म्हणाले. १९९६ ला तोच प्रकल्प वर काढला. पहिला टप्पा सुरू झाला तो गॅसवर नाही, नाफ्त्यावर. २००१ ला बंद. एन्रॉन बुडाली, वीज मंडळ बुडता बुडता वाचलं, आणि दाभोळला द्रवरूप गॅस उतरला तो थेट २०१३ ला. पुढेही कित्येक वर्षं ब्रेकवॉटर पुरा नसल्यामुळे पावसाळ्यात जहाज लागायचं नाही. वडिलांनी त्या प्रकल्पाविरुद्ध मोर्चात काठ्या खाल्ल्या आणि नंतर तिथेच ठेकेदाराकडे गवंडीकाम केलं. दोन्हीबद्दल ते कधी बोलले नाहीत.

आता देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचं ठरलंय. आज तो सहा-सात टक्क्यांवर आहे. अजून किती जेट्ट्या, ते सांगा.

उरणफिटर (निवृत्त)

@खाडीकाठची, जाळत होते, हो. ज्योत दिसायची रात्री. पण जाळणं आणि सोडणं यात फरक आहे. जळला तर कार्बन डायऑक्साइड, विझलेल्या फ्लेअरमधून (नको असलेला गॅस जाळायची चिमणी) गेला तर तुमचा मिथेन. म्हणून ती ज्योत विझू द्यायची नसते. कार्यकर्ते नेमका ज्योतीचा फोटो लावतात. जी दिसते तिला शिव्या.

भाकरीबद्दल: सुगरणबाईंशी सहमत. आमच्या सासूबाई आगरी. त्यांच्या मते गॅसवरचीही खोटी. "चुलीवरची भाकर ती भाकर, बाकी सगला नाटक."

दुपारचा_डबा

चुलीचं कौतुक बाहेरच्यांनी करावं. आई रोज सकाळी दोन तास धुरात बसायची. तिचा खोकला मी अजून झोपेत ऐकते. गॅस आला तेव्हा तिने सिलिंडरला हळदकुंकू लावलं होतं. पर्यावरण म्हणजे फक्त आकाशातलं असतं का? स्वयंपाकघराला छप्पर असतं, म्हणून ते मोजायचं नाही?

खाडीकाठची (ऐरोली)

@दुपारचा_डबा, चूल परत आणा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उलट तुमच्याच मुद्द्याने पुढे जाते. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. वन बीएचकेचं स्वयंपाकघर, खिडकी डक्टमध्ये उघडणारी, चिमणी शोभेची. छप्पर तिथेही आहे.

दुपारचा_डबा

ज्याने चूल पाहिली नाही त्याला डक्ट मोठा वाटतो.

खाडीकाठची (ऐरोली)

मी चूल पाहिली आहे. कृपया.

कांजूरचा_वारा

सगळे पाइपलाइन पाइपलाइन करताय. खाडीपलीकडच्या कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचं काय? २०२२ मध्ये उपग्रहावरून चार शहरांच्या सडणाऱ्या कचऱ्याचा मिथेन मोजला, दिल्ली, लाहोर, ब्युनोस आयर्स आणि आपली मुंबई. पश्चिमेचा वारा सुटला की संध्याकाळी बाल्कनीचं दार लावून बसतो. आपण रोज मिथेन फुकट हवेत सोडतो आणि तोच मिथेन डॉलर मोजून जहाजाने आणतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ओला कचरा वेगळा करा म्हटलं तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने मला "कचरेवाले" म्हणायला सुरुवात केली.

वीजमीटर

पहिला कामाचा प्रतिसाद. यावर कोणी बोलणार नाही, बघा.

सुगरणबिगरण

वांगं कसं भाजता इंडक्शनवर?

मीटरडाऊन

😂

घोडबंदरग्रस्त

गॅस असो, वीज असो, खणणार माझाच रस्ता. माझी भूमिका तटस्थ.

खाडीकाठची (ऐरोली)

वांगं ओव्हनमध्ये. आणि हो, भरतात धुराचा वास येत नाही. झालं समाधान? हवामान बदल एका वांग्याला अडला.

@वीजमीटर, एक विचारते. सोसायटीच्या गच्चीवर सौर लावलं आणि त्यावर इंडक्शन चालवलं तर?

वीजमीटर

भाकरी दुपारी बारालाच करता का? संध्याकाळी आठला गच्ची काळोखात असते. त्या वेळी थोडी कोयनेची जलवीज, बाकी बहुतेक कोळसा. खरं तर गॅसचं काम तिथे आहे. गॅस टर्बाइन झटकन पेटतं, झटकन बंद होतं, कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही. देशात सुमारे २० हजार मेगावॅटची गॅस केंद्रं बांधून पडली आहेत आणि पाचव्या हिश्श्याएवढीही चालत नाहीत, कारण गॅस महाग. उरणचं ६७२ मेगावॅटचं केंद्र घ्या, गॅस पुरत नाही म्हणून पूर्ण चालत नाही. ज्या दोन-तीन तासांत गॅस खरंच कोळशाला हटवेल तिथे तो नाही, आणि आपण भांडतोय चहाच्या ज्योतीवर.

खाडीकाठची (ऐरोली)

हे जर पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर मी वाद घातला नसता. (घातला असता, पण कमी.) संध्याकाळच्या दोन तासांपुरता गॅस मला चालेल. अट एकच: किती गळतो ते मोजा आणि जाहीर करा. २०२१ च्या ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन ३० टक्के कमी करायची शपथ झाली, आपण सही केली नाही, कारण भातशेती आणि गुरं. तिथवर मी सरकारच्या बाजूने आहे, शेतकऱ्याच्या ताटातला भात मोजायला मी जाणार नाही. पण भाताच्या आडून पाइप का लपवता? फ्लँजला कुठे शिंगं असतात?

मीटरडाऊन

मोजायचा खर्च किलोमागे लावणार नाही ना? आधीच विचारून ठेवतो.

खाडीकाठची (ऐरोली)

@मीटरडाऊन दादा, लावतील. खोटं कशाला सांगू.

उरणफिटर (निवृत्त)

दोन दिवस विचार करून लिहितोय. ताईंचा सूर मला आवडलेला नाही, आताही आवडत नाही.

फ्लँज गळत नाहीत हे माझं म्हणणं कायम. पण लाइन कामाला घ्यायची असली की आतला गॅस रिकामा करावा लागतो. सगळा फ्लेअरला नेता येत नाही. काही वेळा व्हेंटमधून, म्हणजे उघड्या नळीतून, न जाळता वर सोडतात. आवाज असा असतो की कानात बोटं घालूनही छातीत वाजतं. पाच-दहा मिनिटं. मग शांत. वहीत नोंद एकच: "लाइन डिप्रेशराइज्ड", वेळ, सही. किती गेला, हा रकानाच वहीत नव्हता. ३१ वर्षांत कोणी विचारलं नाही, मीही लिहिलं नाही. मोहरीएवढ्या बुडबुड्यासाठी पावसात उभे राहायचो आणि हा हिशेब मात्र...

असो. खूश?

गुहागर_ते_घणसोली

काका, एवढं लिहायला धाडस लागतं.

उरणफिटर (निवृत्त)

धाडस बिडस काही नाही. पेन्शन सुरू आहे.

तळोजाकर

कासाडीसाठी पण एखादा निवृत्त माणूस मिळेल का?

खाडीकाठची (ऐरोली)

काका, खूश नाही, पण आभार. मनापासून.

आणि सुगरणबाईंसाठी: आज खास तांदळाची उकड काढून केली. लोखंडी तवा, इंडक्शन अठराशेवर, फडकं न दाबता नुसतं कडेने फिरवलं. अर्धी फुगली. एका बाजूने टम्म, दुसऱ्या बाजूने बसलेली. फोटो टाकणार नाही.

उरणफिटर (निवृत्त)

अर्धीच फुगली म्हणजे कडेला कुठेतरी लीक आहे. साबण लावून बघा.